मॅटरहॉर्न चढता येईल का, हे विचारण्याआधी उतरता येईल का ते तपासा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही सहा-सात वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण करताय. लिंगाणा आणि वानरलिंगी हे सुळके झालेत, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत पळता. पुढच्या ऑगस्टमध्ये आठ दिवस स्वित्झर्लंडला जाताय आणि त्यात मॅटरहॉर्न बसवायचाय. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की त्याच्या हर्नली नावाच्या धारेवरची चढाई फार अवघड नाही आणि अवघड जागी दोर बांधलेलेच आहेत. मग गाइड घ्यायलाच हवा का, असं तुम्ही विचारताय.

सांगणाऱ्याचं खोटं नाही. हर्नली धारेवरचा कातळ बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. लिंगाण्यावर तुम्ही याहून कठीण जागा लीड केल्या असतील, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढला असाल. सुटा एकेक टप्पा तुमच्यासमोर ठेवला तर तुम्ही तो सहज चढाल. पण खरा प्रश्न वेगळा आहे. हर्नली हट, म्हणजे चढाईआधी मुक्काम करायची डोंगरातली जागा, ३,२६० मीटरवर आहे आणि माथा ४,४७८ मीटरवर, म्हणजे सुमारे बाराशे मीटरची सलग चढाई. आणि तेवढीच उतराई. लिंगाण्यावरून आपण रॅपल करत, म्हणजे दोरावरून सरकत, खाली येतो. इथे जवळजवळ सगळं हातापायांनीच उतरायचं असतं, तेही चार-पाच तास चढून दमल्यावर, सैल दगडांवरून, दोन्ही बाजूंना हजार मीटरची दरी असताना. मॅटरहॉर्नवर माणसं अडकतात ती चढाईच्या कठीणपणामुळे कमी आणि हळू पडल्यामुळे जास्त.

मी गेली अठरा वर्षं मुलांना डोंगरात नेतोय, आल्प्समध्ये बरेच उन्हाळे घालवलेत. मॅटरहॉर्नवर तीनदा गेलो. दोनदा माथा झाला, पहिल्यांदा अर्ध्यातून परत आलो. त्या पहिल्या वेळेबद्दल पुढे सांगतो, कारण तेव्हा मी साधारण तुमच्यासारखाच होतो.

आधी हा डोंगर असा का आहे ते बघू. मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर उभा आहे. उत्तरेला स्वित्झर्लंडचं झरमॅट गाव, दक्षिणेला इटलीचं ब्रुई-चेर्विनिया. इटालियन लोक त्याला चेर्विनो म्हणतात. चार दिशांना चार भिंती आणि त्यांच्यामध्ये चार धारा: ईशान्येची हर्नली, आग्नेयेची फुरगेन, नैऋत्येची लायन आणि वायव्येची त्स्मुट. एकाच डोंगराला चारही बाजूंनी हिमनद्यांनी कोरत आणलं, पायथा खात खात भिंती उभ्या केल्या, आणि मधे उरलं ते हे शिंग. ‘हॉर्न’ म्हणजे शिंगच. उत्तर आणि पूर्व बाजूचं पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला जातं, दक्षिणेचं पो नदीतून एड्रियाटिकला.

खडकाची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. धारेचा बहुतेक भाग ज्या नाइस (gneiss) नावाच्या खडकाचा आहे, तो मूळ युरोपचा नाहीच. आफ्रिकेच्या बाजूचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला, मधला टेथिस समुद्र मिटला आणि हा तुकडा युरोपवर चढून बसला. त्या मिटलेल्या समुद्राच्या तळाचे खडक झरमॅटच्या परिसरात खालच्या अंगाला सापडतात. गिर्यारोहकासाठी याचा अर्थ एवढाच, की हा खडक दाबला, वळवला, भेगाळलेला आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये आपल्याला आडवे थर मिळतात, एका कातळटप्प्यानंतर एक सपाट पट्टा, तिथे उभं राहून श्वास घेता येतो. मॅटरहॉर्नवर तसं नाही. तिथे हजारो लहानमोठे चिरे एकमेकांवर टेकून उभे आहेत. रोज पावलांखाली येणारे घासून गुळगुळीत झालेत, आणि वाटेपासून दहा मीटर बाजूला गेलात की हात लावाल तो दगड हलतो.

हे चिरे धरून ठेवतो तो भेगांमधला बर्फ. वर्षानुवर्षं गोठलेला हा बर्फ सिमेंटचं काम करतो. कडक उन्हाळ्यात तो खोलवर वितळायला लागतो आणि डोंगर सुटायला लागतो. जुलै २००३ मधल्या उष्णतेच्या लाटेत हर्नली धारेवर मोठी दरड कोसळली, वर असलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. २०२२ च्या जुलैमध्येही उष्णतेमुळे दोन्ही देशांच्या गाइड मंडळींनी काही काळ इथल्या चढाया थांबवल्या होत्या. त्यामुळे ‘ऑगस्टमध्ये जाऊ’ हे तुम्ही तिकीट काढताना ठरवू शकता, पण त्या आठवड्यात धार चढण्यायोग्य असेल की नाही, हे डोंगर ठरवतो. हंगाम साधारण मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर. त्यातही मधेच ताजा बर्फ पडला की धार कोरडी व्हायला दोन-चार दिवस थांबावं लागतं.

आता उतराईबद्दल. १४ जुलै १८६५ रोजी याच हर्नली धारेने माथ्यावर पहिली माणसं पोहोचली. एडवर्ड व्हिम्पर, चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो, शामोनीचा गाइड मिशेल क्रो आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बापलेक. सात जण. चढाई नीट झाली. उतरताना सगळे एकाच दोरात बांधलेले होते आणि सगळ्यात कमी अनुभवी हॅडो वरून दुसऱ्या क्रमांकावर नव्हता, खालून दुसरा होता. त्याचा पाय घसरला, तो खाली असलेल्या क्रोवर आदळला, आणि मागोमाग हडसन आणि डग्लस ओढले गेले. थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला म्हणून वरचे तिघे वाचले. चौघे उत्तर भिंतीवरून हिमनदीवर गेले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. तो तुटलेला दोर झरमॅटच्या संग्रहालयात काचेमागे आहे. तो बघितल्याशिवाय वर जाऊ नका, असं मी बरोबरच्या प्रत्येकाला सांगतो. करंगळीएवढा बारीक दोर आहे तो. त्यानंतर तीनच दिवसांनी इटालियन गाइड ज्याँ-आंत्वान कारेल इटलीच्या बाजूने लायन धारेने माथ्यावर पोहोचला. आजवर या डोंगरावर पाचशेहून जास्त माणसांचा जीव गेला आहे आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा पाय सोप्या जागी, परतीच्या वाटेवर सुटला.

धार प्रत्यक्षात कशी आहे ते सांगतो. झरमॅटहून केबलकारने श्वार्त्सझेला, तिथून दोनेक तास चालून हर्नली हट. २०१५ साली, पहिल्या चढाईला दीडशे वर्षं झाली तेव्हा, ही हट नव्या रूपात सुरू झाली आणि आसपास तंबू लावायला बंदी आली. पहाटे चारच्या सुमारास दार उघडतं. आधी झरमॅटचे गाइड आणि त्यांची माणसं, मग इतर गाइड, मग गाइडविना आलेले. हटपासून काही मिनिटांतच पहिला उभा टप्पा येतो, दोर लावलेला. तिथे खोळंबा होतो आणि अंधारात शंभर-एक हेडलॅम्प एका रांगेत वर सरकताना दिसतात.

इथून पुढचे सातशे मीटर हा सगळ्यात फसवा भाग. वाट अगदी धारेवरून जात नाही, पूर्व भिंतीच्या बाजूने आत-बाहेर करत जाते. घळी ओलांडायच्या, पुन्हा धारेवर यायचं, पुन्हा आत. अंधारात चार ठिकाणी वाट आहे असं वाटतं आणि त्यातल्या तीन ठिकाणी कुणीतरी चुकून गेल्याच्या खुणा असतात. चुकलात की घसाऱ्यात जाता, दगड पाडता, खालच्यांच्या डोक्यावर. ४,००३ मीटरवर सॉल्वे ही लाकडी आसऱ्याची खोली आहे. बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट सॉल्वे यांच्या देणगीतून १९१५ साली बांधलेली, दहा माणसांपुरती. ती मुक्कामासाठी नाही, संकटासाठी आहे. तिच्या जरा खाली आणि लगेच वर मोझलीचे दोन कातळपट्टे आहेत, तिथे नीट बिले देऊन, म्हणजे जोडीदाराने दोर धरून सांभाळत, चढायचं. मग ‘खांदा’ म्हणतात तो भाग, तिथून बर्फ लागतो आणि बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, चढवायचे. त्यापुढे अंगठ्याहून जाड असे बांधलेले दोर. लोकांना वाटतं दोर आहे म्हणजे सोपं. चार हजार तीनशे मीटरवर, हातमोजे घातलेल्या हाताने, आत बर्फ साचून काठीसारखा ताठ झालेला दोर धरून अंग वर ओढायचं, आणि तेवढ्यात वरून उतरणारे त्याच दोरावर येतात. इथे दंडांतली ताकद संपते. त्यानंतर उताराच्या बर्फावरून शेवटचा पट्टा आणि माथा. माथे दोन आहेत, स्विस ४,४७८ आणि इटालियन ४,४७६, मधे सुरीसारखी धार. क्रूस इटालियन माथ्यावर आहे.

माझ्या पहिल्या वेळी मी सॉल्वेला तीन तास चाळीस मिनिटांनी पोहोचलो. गाइडसोबत जाणारा माणूस साधारण अडीच तासांत तिथे असावा लागतो. माझ्या गाइडने घड्याळ बघितलं, मला पाणी दिलं आणि म्हणाला, ‘इथून खाली.’ मी वाद घातला. म्हटलं, दम लागला नाही, एकही जागा अडली नाही. तो म्हणाला, ‘तू प्रत्येक पावलाआधी विचार करतोस. वर हरकत नाही, पण तीच पावलं तुला उलटी टाकायची आहेत.’ तेव्हा पटलं नाही. उतरायला लागलो आणि पहिल्या अर्ध्या तासात पटलं. सह्याद्रीत आपल्याला एक सवय लागते, अडचणीच्या जागी बूड टेकवून, दोन्ही हात मागे ठेवून सरकत उतरायची. मी तेच केलं. त्याने दोर ताणून मला उभं केलं. बसलं की वजन पायांवरून जातं, बुटाची पकड सुटते आणि पुढचं पाऊल दिसत नाही. पाठ डोंगराकडे, तोंड दरीकडे, गुडघे किंचित वाकवून, टाचा खाली, नजर पावलाच्या पुढच्या दोन मीटरवर. पायांच्या मधून फुरग हिमनदी दिसत राहते. पन्नास पावलं अशी टाकली की जमतं, पण तिथे हजारो टाकायची असतात. हटवर पोहोचायला मला पाच तास लागले, तेही अर्ध्यातून.

पुढची दोन वर्षं मी फक्त उतरण्याचा सराव केला. सोपा, दुसऱ्या श्रेणीचा, लांबलचक कातळ शोधायचा आणि बूट घालून, पाठीवर सहा-सात किलो घेऊन वर-खाली, वर-खाली, रॅपल न करता. रॉक शूज नाहीत. दुसऱ्या वेळी सॉल्वे दोन तास वीस मिनिटांत झाला आणि माथा झाला.

रॅपल का करत नाहीत, हेही तुमच्या मनात आलं असेल. धार उभी नाही, तिरकी आणि चिरफळलेली आहे. दोर खाली टाकला की कुठल्यातरी चिऱ्यात अडकतो, ओढायला गेलं की दगड घेऊन येतो. प्रत्येक रॅपलला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर दुपार तिथेच होते, आणि आल्प्समध्ये दुपार म्हणजे ढग आणि विजा. मॅटरहॉर्नच्या माथ्याला वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला झेंड्यासारखा ढग लागतो, खालून फोटोत छान दिसतो. धारेवर असताना त्याच्या आत गेलात तर पाच मीटरवरची वाट दिसत नाही.

गाइडबद्दल. नियम म्हणून विचाराल तर कुठलाही परवाना लागत नाही, गाइड सक्तीचा नाही. मग गरज कुणाला? दोघंही जोडीदार लांब आल्पाइन धारांवर एकत्र फिरलेले असतील, लहान दोरावर एकाच वेळी चालण्याची सवय असेल, आणि वाट आधी दिवसाउजेडी खालचा टप्पा जाऊन बघितली असेल, तर गाइडविना जाणं मी समजू शकतो. तुमच्या बाबतीत माझं उत्तर स्पष्ट आहे: गाइड घ्या. गाइड तुम्हाला ओढून वर नेत नाही. तो दोन गोष्टी देतो, वाट आणि वेग. तुमच्या दोघांमधला दोर दोन-तीन मीटरचा असतो, तो चालता चालता लोखंडी खुंटीला किंवा दगडाच्या शिंगाला वेढा देतो, तुम्ही पुढे होता, तो वेढा काढतो. बिले स्टेशन बांधायला लागणारा वेळ तिथे लागतच नाही. लिंगाण्यावर आपण जसे एकेक पिच, म्हणजे दोराच्या लांबीचा टप्पा, करून जातो, तसे इथे गेलात तर सॉल्वेच्या खोलीतच रात्र काढावी लागते. त्या खोलीत दरवर्षी अशीच माणसं रात्र काढतात.

एका गाइडमागे इथे एकच माणूस असतो, त्यामुळे खर्च मोठा आहे. गाइडचं शुल्कच हजार फ्रँकच्या वर जातं, हटचा मुक्काम वेगळा. चांगले गाइड आधी तुम्हाला दुसऱ्या शिखरावर पारखतात. झरमॅटजवळ रिफेलहॉर्न म्हणून २,९२८ मीटरचा कातळ आहे, तिथे एक दिवस, आणि ४,१६४ मीटरच्या ब्राइटहॉर्नची अर्धी धार किंवा पोलक्स हे शिखर. हा दिवस खर्चाचा म्हणून टाळू नका. यातच तुमची उंचीची सवयही होते, आणि गाइड ‘नको’ म्हणाला तर ते हर्नलीच्या वाटेवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

लायन धार सोपी पडेल का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. नाही. ती जास्त लांब आहे, दोर आणि साखळ्या अधिक असल्या तरी हातांवर ताण जास्त येतो, आणि कारेल हट ३,८३० मीटरवर असल्यामुळे झोपेआधीच उंची गाठावी लागते. पहिल्या वेळेला हर्नलीच.

तुमच्या आठ दिवसांकडे येतो. प्रवासाचे दोन, उंचीची सवय आणि पारख यांचे तीन, हटवर जायचा एक, चढाईचा एक. उरला एक. म्हणजे हवामानासाठी एकच दिवस राखीव. मला हे पुरेसं वाटत नाही. किमान बारा-तेरा दिवस करा, किंवा यंदा ब्राइटहॉर्न, पोलक्स आणि रिफेलहॉर्न एवढंच ठेवा आणि मॅटरहॉर्न पुढच्या उन्हाळ्यात. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, कारण त्यात तुमची लांब धारेवर चालण्याची सवय होते आणि पुढच्या वेळी तुम्ही झरमॅटला अनोळखी म्हणून येत नाही.

तोवर घरच्या डोंगरात काय करायचं? आठवड्यातून एकदा बाराशे मीटर चढाई बॅगेसह तीन तासांच्या आत, मग न थांबता उतराई. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखी दगडांनी भरलेली, हातपाय लावायला लागणारी वाट उत्तम, कारण तिथे सैल दगडावर वजन कसं टाकायचं ते पाय शिकतात. आणि महिन्यातून दोनदा, सोप्या कातळावर वरून बिले ठेवून शंभर-दीडशे मीटर सलग उतरा, तोंड दरीकडे करून. वेळ लिहून ठेवा. चढायला लागलेल्या वेळेइतक्याच वेळात किंवा कमी वेळात उतरता यायला लागलं, मनात न धडधडता, की तुम्ही तयार होत आहात.

विम्याचं मात्र लगेच बघा. प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये दोर लावून केलेलं गिर्यारोहण किंवा ठरावीक उंचीवरची चढाई वगळलेली असते. हर्नलीवरून सुटका म्हणजे हेलिकॉप्टर, आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येतं. पॉलिसीत ‘गिर्यारोहण’ आणि ‘हेलिकॉप्टर सुटका’ हे दोन्ही लेखी आहे ना, ते कंपनीकडून ईमेलवर मागून घ्या. आणि तुमचे उतराईचे आकडे मला नक्की कळवा. चढाईचे नकोत, उतराईचेच.